महाविद्यालय, प्रकाशक आणि विद्यार्थी

आषाढी एकादशीस जळगांवलगतच्या पिंप्राळ्यांत पांडुरंगाचा रथ निघतो, आणि कार्तिकी एकादशीस खुद्द जळगांवांत श्रीरामाचा रथ निघतो. पिंप्राळा एके काळीं स्वतंत्र गांव होतें. आज तें जळगांव शहराचाच भाग झालें आहे, तरी रथाचा मान त्यानें राखला आहे. ह्या दोन रथांमधला जो काळ, तोच स्थूलमानानें महाविद्यालयाचें पहिलें सत्र होय. आषाढीच्या सुमारास वर्ग भरूं लागतात. कार्तिकीच्या आगेंमागें परीक्षा दाराशीं येते. म्हणजे पिंप्राळ्याहून महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलाला वा मुलीला एक विषय समजून घेण्यास उणेपुरे चार महिने मिळतात. ह्या चार महिन्यांत योग्य पुस्तक विद्यार्थ्याच्या हातीं केव्हां पडतें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु पुष्कळ विद्यार्थ्यांचें यशापयश त्यावरच अवलंबून असतें.

ज्या घरांत पुस्तकांचें कपाट आहे, आईवडील पदवीधर आहेत, त्या घरांतील मुलाचें पुस्तक उशिरा आलें तरी फारसें अडत नाहीं. थोरल्या भावंडाचें जुनें पुस्तक असतें, शेजारच्या काकांना विचारतां येतें, एखादा इंग्रजी ग्रंथ चाळतां येतो. परंतु डाळमिलींत किंवा चटईच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसाचें मूल जेव्हां घराण्यांतलें पहिलें म्हणून महाविद्यालयाची पायरी चढतें, तेव्हां प्राध्यापकांचें व्याख्यान आणि हातांतलें पुस्तक ह्या दोहोंखेरीज त्याला तिसरा आधार नसतो. त्यांतलें व्याख्यान तासाबरोबर संपतें. रात्रीं घरीं उरतें तें पुस्तक. तेंच जर भाद्रपद उलटला तरी बाजारांत आलें नाहीं, किंवा आलें पण त्यांतील मराठी समजेनाशी झाली, तर विद्यार्थी चौकांतल्या दुकानांतून एक पातळ गाईड आणतो, किंवा कोणीतरी मोबाइलवर पाठविलेलीं टिपणें पाठ करितो. त्या बळावर तो एखादे वेळीं उत्तीर्णहि होतो. पुढच्या वर्षीं मात्र त्याच विषयाची वरची पायरी आली, कीं खालची पायरी कच्ची राहिल्याचें कळून येतें. आणि तोंवर उशीर झालेला असतो.

खानदेशापुरतें पाहिलें, तर महाविद्यालयीन शिक्षणाची परंपरा तशी फार जुनी नाहीं. जळगांवचें मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचें प्रताप महाविद्यालय हीं दोन्ही १९४५ सालीं निघालीं. पुढें कित्येक वर्षें येथील महाविद्यालयें पुणें विद्यापीठाशीं संलग्न होतीं. अभ्यासक्रम पुण्यास ठरे. १५ ऑगस्ट १९९० रोजीं जळगांव येथें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली, आणि २०१८ सालीं त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचें नांव देण्यांत आलें. आज जळगांव, धुळें व नंदुरबार ह्या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत आहेत. पाठ्यपुस्तकांचे प्रकाशकहि आतां जळगांवांतच आहेत. प्रशांत पब्लिकेशन्स, अथर्व पब्लिकेशन्स अशा संस्था महाविद्यालयीन विषयांवर मराठी पुस्तकें काढीत आल्या आहेत, आणि त्यांचे लेखक पुष्कळदां येथल्याच महाविद्यालयांतील अध्यापक असतात. विद्यापीठ, अध्यापक, प्रकाशक आणि विद्यार्थी हे चौघेहि एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर असावेत, ही सोय थोड्याच प्रदेशांस लाभते. तिचा पुरता उपयोग करून घेतां येईल काय, एवढाच प्रश्न आहे.

शिक्षणसंस्था आणि ग्रंथप्रकाशन ह्यांचा संबंध महाराष्ट्रांत नवा नव्हे. १८२२ सालीं मुंबईंत जी मंडळी स्थापन झाली, तिनें शाळा काढणें आणि शाळेचीं पुस्तकें तयार करणें हीं दोन्ही कामें एकत्रच अंगावर घेतलीं; कारण पुस्तकांवांचून शाळा चालेना आणि शाळांवांचून पुस्तकें खपेनात. पुढें पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत व फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकविणारे गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं अंकगणिताचें पुस्तक रचलें आणि तें मॅकमिलन कंपनीनें प्रसिद्ध केलें. तें पुस्तक दीर्घकाळ चाललें. राजकारणांतील गोखले सर्वांस ठाऊक आहेत; परंतु मुलें उदाहरणांत कोठें अडतात हें रोज वर्गांत पाहणारा शिक्षक आणि पुस्तक दूरवर पोंचविण्याची शक्ति असलेला प्रकाशक एकत्र आले म्हणजे काय होतें, ह्याचें तें पुस्तक चांगलें उदाहरण आहे.

शालेय पुस्तकांचा प्रश्न महाराष्ट्रानें १९६७ सालीं बालभारतीच्या स्थापनेनें बराचसा सोडविला. एक अभ्यासक्रम आणि लक्षावधि विद्यार्थी असल्यामुळें तेथें पुस्तक काळजीनें करणें व स्वस्त देणें शक्य झालें. महाविद्यालयांची स्थिति तशी नाहीं; तेथें प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम निराळा. केंद्र सरकारनें १९६८ च्या सुमारास विद्यापीठीय ग्रंथ देशी भाषांतून काढण्यासाठीं प्रत्येक राज्यास एक कोटि रुपयांपर्यंत साह्य देण्याची योजना आखली, आणि त्या योजनेंतून नागपूर येथें महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिति मंडळ उभें राहिलें. त्या मंडळानें मोलाचे ग्रंथ दिले. परंतु संदर्भग्रंथाची चाल संथ असते, आणि क्रमिक पुस्तकास अभ्यासक्रमाबरोबर धांवावें लागतें. हें धांवण्याचें काम सर्वत्र खाजगी प्रकाशकांकडेच आलें.

आतां ही धांव अधिकच वाढली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालीं जाहीर झालें, आणि महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या प्रथम वर्षास तें २०२४-२५ पासून लागू झालें. मुख्य विषयाबरोबर गौण विषय, खुला विषय, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञानप्रणाली असे अनेक लहान लहान विषय श्रेयांकांच्या हिशेबानें आले. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे सुमारें तीस तासांचें अध्यापन. तीस तासांसाठीं चारशें पानांचा ग्रंथ कोणी विकत घेत नाहीं. विषय वाढले, विद्यार्थी त्यांत विभागले गेले, कीं एकेका पुस्तकाच्या प्रती साहजिकच कमी होतात. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन व मुखपृष्ठ ह्यांचा खर्च मात्र पांचशें प्रती काढल्या काय आणि पांच हजार काढल्या काय, तेवढाच राहतो. प्रती कमी झाल्या म्हणजे तो प्रत्येक प्रतीवर अधिक चढतो. मग काटकसर व्हावयाची ती बहुधा मुद्रितशोधनांत आणि लेखकाला दिलेल्या मुदतींत होते. विद्यार्थ्याच्या हातीं येणाऱ्या पुस्तकांतील चुकांचें मूळ पुष्कळदां येथें असतें.

लेखकांच्या बाजूसहि एक अडचण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठीं ग्रंथलेखनास गुण ठेवलेले होते. हेतु चांगला होता आणि त्यामुळें लेखनास उत्तेजनहि मिळालें. परंतु संख्येस गुण मिळूं लागले, कीं पुस्तक कोणी वाचलें आणि कोणास समजलें, हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. विद्यार्थ्याच्या घरीं मात्र नेमका तोच प्रश्न असतो.

वास्तविक महाविद्यालय आणि प्रकाशक ह्या दोघांपाशीं दोन वेगवेगळीं ज्ञानें आहेत. महाविद्यालयाला विद्यार्थी ठाऊक असतो, पण पुस्तक घडविण्याची कला ठाऊक नसते. प्रकाशकाला छपाई आणि बाजार ठाऊक असतो, पण विद्यार्थी कोणत्या वाक्यापाशीं अडला हें त्याला कधींच दिसत नाहीं. आज पुष्कळ ठिकाणीं ह्या दोघांचा संबंध नमुन्याची प्रत देणें आणि यादींत नांव घालणें एवढ्यापुरताच राहतो. खानदेशांत रथ पाहिलेल्यांस ठाऊक आहे कीं दोर ओढणारे पुष्कळ असले तरी तेवढ्यानें रथ नीट चालत नाहीं. चाकाला मोगरी लावून त्याला वळविणारे आणि थांबविणारेहि लागतात. पुस्तक ओढून नेण्याचें बळ प्रकाशकाचें. मोगरी लावण्याचें काम महाविद्यालयाचें. तें त्यानें सोडलें तर रथ कोठें जाईल हें सांगतां येत नाहीं.

ह्या दृष्टीनें पाहतां कांहीं गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट वेळापत्रकाची. पुढील वर्षाचा अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत निश्चित व्हावा, लेखकानें हस्तलिखित संक्रांतीपर्यंत पुरें करावें, त्याची तपासणी पाडव्यापर्यंत व्हावी, आणि पहिला वर्ग भरेल तेव्हां पुस्तक ग्रंथालयांत असावें. अभ्यासक्रम जूनमध्यें ठरवून पुस्तक जुलैंत मागणें म्हणजे पेरणी आणि कापणी एकाच महिन्यांत करूं पाहण्यासारखें आहे. आणि वेळेवर पुस्तक मिळणें शक्यच नसेल, तर अभ्यासक्रम एक वर्ष पुढें ढकलणें हें विद्यार्थ्याच्या हिताचें ठरेल.

दुसरी गोष्ट वाचनाच्या परीक्षेची. आणि ही परीक्षा विद्यार्थ्याची नव्हे, पुस्तकाची. छापण्यापूर्वीं एखादें प्रकरण वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावें आणि जेथें अर्थ लागला नाहीं तेथें रेघ मारण्यास सांगावें. ज्या ओळींवर दहा जणांच्या रेघा पडतील, त्या ओळी लेखकानें पुन्हां लिहाव्या. ह्यास खर्च जवळजवळ नाहीं, आणि विद्वानांच्या समितीला न दिसणारे दोष ह्यानें दिसतात. परिभाषेचा घोळहि येथेंच मिटवितां येईल. राज्याच्या भाषा संचालनालयानें अनेक विषयांचे परिभाषा कोश केलेले आहेत. त्यांतील मराठी संज्ञा वापरून तिचा इंग्रजी पर्याय प्रकरणाच्या शेवटीं दिला, तर विद्यार्थ्याला आज विषय समजेल आणि उद्यां इंग्रजी ग्रंथ वाचतांना तो बावरणार नाहीं.

उदाहरणें कोणतीं द्यावीं, हाहि ह्याच तपासणीचा भाग आहे. अर्थशास्त्रांतील पुरवठ्याची लवचिकता परदेशांतील वस्तूंवरून शिकविण्याचें कारण नाहीं. रावेर-यावलकडे केळीचा घड कापला कीं तो फार दिवस थांबत नाहीं. भाव पडला तरी शेतकऱ्यास तो विकावाच लागतो. कापूस मात्र घरांत भरून ठेवतां येतो आणि भावाची वाट पाहतां येते. टिकणाऱ्या मालाचा पुरवठा भावाप्रमाणें आंखडतां किंवा वाढवितां येतो, नाशवंत मालाचा तितकासा येत नाहीं, हा सिद्धान्त ह्या दोन पिकांवरून खानदेशी विद्यार्थ्यास एका परिच्छेदांत कळेल. दूरच्या प्रकाशकास हें उदाहरण सहसा सुचणार नाहीं. गांवांतल्या अध्यापकास तें सुचतें, आणि स्थानिक पुस्तकाचें खरें समर्थन ह्यांतच आहे.

तिसरी गोष्ट पुस्तक हातीं पडण्याची. अमेरिकेंत कांहीं महाविद्यालयांनीं प्रकाशकांशीं असा करार केला आहे कीं पुस्तकाची किंमत शुल्कांतच धरावयाची आणि पहिल्या दिवशीं प्रत्येक विद्यार्थ्यास तें पडद्यावर उपलब्ध करून द्यावयाचें. पहिल्या दिवशीं पुस्तक मिळतें, हा त्याचा मोठा गुण. परंतु पुष्कळदां सत्र संपलें कीं तें पुस्तकहि बंद होतें. मग जुनें पुस्तक स्वस्तांत घेणें नाहीं आणि धाकट्या भावंडास देणेंहि नाहीं. त्याच देशांत राईस विद्यापीठानें २०१२ सालीं ओपनस्टॅक्स हा उपक्रम सुरू केला. त्यांत तज्ज्ञांनीं तपासलेलीं पाठ्यपुस्तकें संगणकावर विनामूल्य दिलीं जातात. येथें ह्या दोहोंच्या मधला मार्ग सोयीचा आहे, आणि तो अपरिचितहि नाहीं. महाविद्यालयानें प्रकाशकाकडून एकदम पुष्कळ प्रती सवलतीनें घ्याव्या, ग्रंथपेढीतून सत्रभर विद्यार्थ्यांस द्याव्या, आणि परीक्षेनंतर परत घ्याव्या. प्रकाशकाला निश्चित मागणी मिळते. किती प्रती छापाव्या ह्याची चिंता कमी होते. आणि एकच प्रत तीन-चार वर्षें तीन-चार घरांत दिवा लावते. मात्र विशिष्ट पुस्तक विकत घेण्याची सक्ति विद्यार्थ्यावर कधींहि नसावी.

हा समजुतीचा मार्ग राहिला नाहीं, तर प्रकरण कोठवर जातें, हें दिल्लीस दिसून आलें. तेथें विद्यापीठाच्या आवारांतील एका दुकानांत अभ्यासाच्या उताऱ्यांच्या छायाप्रती करून देत असत. त्याविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर ॲण्ड फ्रान्सिस ह्या प्रकाशकांनीं २०१२ सालीं दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें अध्यापनासाठीं केलेल्या अशा प्रती कायद्यास धरून आहेत असें मत देऊन दावा फेटाळला. अपिलांत प्रकरणाचा कांहीं भाग फेरतपासणीस गेला, परंतु २०१७ सालीं प्रकाशकांनीं दावाच मागें घेतला. विद्यार्थ्यांचा हक्क त्यांत मान्य झाला, ही चांगली गोष्ट झाली. तथापि लहान मराठी प्रकाशकाचें एक पुस्तक सर्वांनीं छायाप्रतींतूनच वाचलें, तर त्याची पुढची आवृत्ति निघणार नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. न्यायालय हक्क ठरवूं शकतें. पुस्तक मात्र लिहून व छापूनच घ्यावें लागतें.

चौथी गोष्ट दृष्टिहीन विद्यार्थ्यांची. २०१२ सालच्या दुरुस्तीनें स्वामित्वहक्काच्या कायद्यानें अपंग विद्यार्थ्यांसाठीं पुस्तकाचें श्राव्य किंवा अन्य सुलभ रूप करण्यास मोकळीक दिली, आणि ह्याच विषयावरील माराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ सालीं पहिला देश ठरला. परंतु अनेक मराठी पुस्तकांची जुळणी अजून जुन्या धर्तीच्या टंकांत होते आणि संगणकाला ती वाचून दाखवितां येत नाहीं. युनिकोडमध्यें जुळणी करून तिची एक प्रत महाविद्यालयास द्यावी, एवढी एक अट करारांत घातली, तर जें पुस्तक डोळस विद्यार्थी वाचतो तेंच त्याचा दृष्टिहीन मित्र त्याच दिवशीं ऐकूं शकेल.

पांचवी गोष्ट बोलण्यास अवघड आहे, म्हणूनच ती बोलली पाहिजे. जो अध्यापक पुस्तकाचा लेखक आहे, त्यानें तेंच पुस्तक नेमण्याच्या निर्णयांत मत देऊं नये. कोणतें पुस्तक कां निवडलें, हें महाविद्यालयानें लेखी जाहीर करावें. प्रकाशकाकडून भेट वा सवलत आली, तर ती ग्रंथालयाच्या नोंदवहींत यावी, व्यक्तीच्या घरीं जाऊं नये. हा कोणावर संशय नव्हे. देवळांतील दानपेटीलाहि कुलूप असतें, आणि त्यामुळें पुजाऱ्याचा अपमान होत नाहीं.

सरकारी योजनांनीं हें सर्व आपोआप होईल, अशी आशा कोणी धरूं नये. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मान्य केली. तींत तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटि रुपये असून तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांचीं सुमारें तेरा हजार नियतकालिकें सरकारी शिक्षणसंस्थांस उपलब्ध होतात. संशोधकांस ती मोठीच देणगी आहे; पण पदवीच्या पहिल्या वर्षांतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची गरज वेगळी आहे. त्याच वर्षीं जुलैंत विद्यापीठ अनुदान आयोगानें ‘अस्मिता’ उपक्रमाद्वारें पांच वर्षांत भारतीय भाषांतून बावीस हजार पुस्तकें तयार करण्याचा संकल्प सोडला. संकल्प मोठा आहे. परंतु पुस्तक दिल्लींत ठरलें तरी तें जळगांवच्या वर्गांत समजतें कीं नाहीं, हें जळगांवच्याच अध्यापकास पाहावें लागेल.

शहरांतील शिकलेल्या कुटुंबांसहि ह्यांत कांहीं करतां येण्यासारखें आहे. मुलाचें सत्र संपलें म्हणजे त्याचीं पुस्तकें रद्दींत न घालतां महाविद्यालयाच्या ग्रंथपेढीस द्यावीं. प्रवेशाच्या वेळीं शुल्काची चौकशी होते, तशीच नेमलेलीं पुस्तकें कोणतीं आणि तीं ग्रंथालयांत केव्हां येतील, हीहि चौकशी करावी. पालक ज्या गोष्टी विचारूं लागतात, त्या गोष्टींची संस्था काळजी घेऊं लागते.

ज्यांचें नांव ह्या विद्यापीठास आहे, त्या बहिणाबाईंना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जळगांवजवळच्या आसोद्यास १८८० सालीं त्या जन्मल्या आणि १९५१ सालीं निवर्तल्या. शेतांत, जात्यावर त्यांनीं जीं गाणीं रचलीं, तीं घरांतल्या माणसांनीं टिपून ठेवलीं. चिरंजीव सोपानदेवांनीं तीं आचार्य अत्रे ह्यांना दाखविलीं, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. टिपून घेणारा, पारखणारा आणि छापणारा हे भेटले नसते, तर ती वाणी आसोद्याच्या शिवारांतच विरून गेली असती. आज तीं गाणीं महाविद्यालयांतून शिकविलीं जातात. ज्ञान लोकांपर्यंत पोंचावयाचें तर किती हातांनीं तें पुढें द्यावें लागतें, हें त्या नांवाखालीं काम करणाऱ्या महाविद्यालयांस निराळें सांगावयास नको. पिंप्राळ्याचा रथ निघेल त्या सुमारास पुस्तक विद्यार्थ्याच्या हातीं असावें आणि जळगांवचा रथ निघेल तोंवर तें त्याला समजलेलें असावें, एवढें जरी दोघांनीं मिळून साधलें, तरी खानदेशांतील पुष्कळ घरांत पहिला पदवीधर खऱ्या अर्थानें शिकून बाहेर पडेल.